साध्या संकेतस्थळांची उभारणी: कमांड लाइनवरचे तयार साधन घ्यावे की स्वतःचे लिहावे?

राजारामपुरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही तिघे मिळून लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे करून देतो. चप्पल लाइनमधील दुकानदार, मार्केट यार्डातील गुळाचे अडते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील मशीन शॉप व फाउंड्री हा आमचा मुख्य गिऱ्हाईकवर्ग. बहुतेकांची मागणी सारखीच असते. मुखपृष्ठ, मालाची माहिती, छायाचित्रे, पत्ता आणि संपर्क अशी चार-पाच पाने, मराठीत आणि बऱ्याचदा इंग्रजीतही. ऑनलाइन खरेदी नको, लॉगिन नको. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की समोरच्याला नाव, चित्र आणि पत्ता नीट दिसला पाहिजे, एवढीच अपेक्षा.

सध्या नवे काम आले की मागच्या कामाच्या फोल्डरची प्रत करून तीत बदल केले जातात. या पद्धतीतला धोका येथील वाचकांना सांगायला नको. ठळक मजकूर बदलला जातो, परंतु पानाच्या डोक्यातले वर्णन, नकाशाचा दुवा, दुवा पाठवताना दिसणारे चित्र अशा सहज न दिसणाऱ्या जागा जुन्या मालकाच्या नावाने राहू शकतात. म्हणून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) एक कमांड द्यावी, दोन-तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि कोरा, स्वच्छ सांगाडा तयार व्हावा, असे करण्याचा विचार आहे.

आमच्या अटी अशा आहेत. दोन संगणकांवर विंडोज आहे, एकावर उबुंटू. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा, सामायिक स्वरूपाचे असते. तेथे पीएचपी ही सर्व्हरवरची भाषा चालते, नोड (जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्राम चालवणारे साधन) चालत नाही आणि फाइली एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) चढवाव्या लागतात. कामाला अधूनमधून पॉलिटेक्निकचे विद्यार्थी येतात. त्यांना एचटीएमएल आणि सीएसएस येते, त्यापुढचे फारसे येत नाही. दोन वर्षांनी गिऱ्हाईक फोन नंबर बदलायला सांगेल तेव्हा तेव्हाच्या विद्यार्थ्याला तो अर्ध्या तासात बदलता आला पाहिजे.

या परिस्थितीत तयार साधन घ्यावे, की स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहावी? आणि लिहायची झाल्यास तिने नेमके काय करावे?

पंचगंगाकाठ

तयार साधनांपैकी बरीच मी वेगवेगळ्या कामांत वापरली आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

या साधनांचे आयुष्य हा पहिला विचार असावा. योमन हे साधन २०१२ मध्ये आले तेव्हा एका कमांडमध्ये संपूर्ण प्रकल्प उभा राहतो याचेच सर्वांना अप्रूप होते. त्याने उभ्या केलेल्या सांगाड्यात ग्रंट आणि बॉवर ही त्या काळची सोबतची साधने असत. पुढे बॉवरच्याच संकेतस्थळावर दुसरे साधन वापरण्याचा सल्ला झळकू लागला आणि त्यावर उभे राहिलेले प्रकल्प तेवढ्याने जुने ठरले. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे त्याच प्रकारचे साधन २०१६ मध्ये आले, वर्षानुवर्षे शिकवणी वर्गांत तेच शिकवले गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये असे रिअ‍ॅक्टच्या चमूनेच जाहीर केले. तुमच्या गिऱ्हाइकाचे दुकान तिसऱ्या पिढीत आहे आणि साधन मात्र आठ-नऊ वर्षांत निवृत्त होते, ही विसंगती लक्षात घेऊनच निवड करावी लागेल.

आज बहुतेक जण व्हीट हे प्रकल्प उभा करून बांधणारे साधन सुचवतील. मोठ्या कामासाठी मीही तेच सुचवीन. ते वेगवान आहे आणि कोणतीही फ्रेमवर्क (तयार कोडचा साचा) न घेता साधा सांगाडाही देते. तरीही तुमच्या कामात त्याच्या दोन गोष्टी खटकतील. पहिली म्हणजे ते एका पानाच्या अ‍ॅपचा विचार करून बेतलेले आहे. मुखपृष्ठाखेरीज आणखी चार एचटीएमएल पाने त्यात ठेवली तर विकासाच्या वेळी ती व्यवस्थित दिसतात, परंतु अंतिम बांधणी करताना, म्हणजे चढवण्याच्या फाइली तयार करताना, सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक पान नोंदवलेले नसेल तर बांधणी फक्त मुखपृष्ठाची होते. नवख्या विद्यार्थ्याला ही गोष्ट संकेतस्थळ चढवल्यावरच कळते. दुसरी गोष्ट नोडची. व्हीटच्या सातव्या आवृत्तीला नोड किमान २०.१९ किंवा २२.१२ लागतो. आज हे जमेल. दोन वर्षांनी फोन नंबर बदलायला बसलेला मुलगा मात्र आधी नोडची कोणती आवृत्ती घालायची यातच अडकेल. ज्या बदलासाठी नोटपॅड पुरते त्यासाठी एवढे सोपस्कार का करायचे?

एचटीएमएल फाइव्ह बॉयलरप्लेट हे तयार टेम्प्लेट त्या मानाने तुमच्या गरजेच्या जवळ आहे. ते २०१० पासून आहे, नोडसोबत येणाऱ्या एनपीएक्सच्या एका कमांडने उतरते, त्याला बांधणीची पायरी सक्तीची नाही, आणि ४०४ चे (न सापडलेल्या पत्त्यासाठीचे) पान, शोधयंत्रांना सूचना देणारी रोबोट्स फाइल, चिन्हाची चित्रे अशा हमखास विसरल्या जाणाऱ्या वस्तू त्यात आधीच असतात. ते एकदा उतरवून प्रत्येक फाइल वाचावी, नको ते काढावे आणि उरलेले स्वतःचे टेम्प्लेट म्हणून ठेवावे, असे मी सुचवीन. साधन म्हणून रोज वापरण्यापेक्षा एकदा वाचून काढण्यासाठी ते अधिक उपयोगी आहे.

थोडक्यात, माझे मत स्वतःच्या टेम्प्लेटच्या बाजूचे आहे. त्यात नेमके काय असावे हे इतरांनी सांगावे. मराठी पानांचा माझा अनुभव कमी आहे.

ई_वॉर्ड

स्वतःचे लिहायचे ठरले तर बॅश (लिनक्सवरची कमांडची भाषा) स्क्रिप्टपासून सुरुवात करण्याचा मोह होईल, कारण फोल्डर तयार करणे, टेम्प्लेटची प्रत करणे आणि मजकूर शोधून बदलणारी सेड ही कमांड वापरून नाव घालणे एवढे दहा ओळींत बसते. उबुंटूवर ते चालेलही. परंतु आपल्या गावचे पत्ते आणि नावे सेडला मानवत नाहीत, हे मुद्दाम सांगतो.

कोल्हापूर शहरातला पत्ता म्हणजे सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड. त्या नंबरात अनेकदा तिरकी रेघ असते. '११२/क, ई वॉर्ड' अशा धाटणीचा पत्ता सेडच्या नेहमीच्या आज्ञेत घातला की तिरकी रेघ म्हणजे आज्ञेचा शेवट असे समजून ती तेथेच मोडते. रेघेच्या जागी दुसरे चिन्ह वापरून हे टाळता येते. पुढची अडचण नावांची. अमुक आणि सन्स, तमुक आणि ब्रदर्स या नावांत 'आणि'च्या जागी इंग्रजी अँपरसँड (&) असतो आणि सेडच्या बदली मजकुरात त्या चिन्हाचा अर्थ 'जे सापडले ते सगळे पुन्हा लिही' असा होतो. त्यामुळे दुकानाच्या नावात मधोमध टेम्प्लेटची खूण उमटते आणि सेड एका शब्दानेही तक्रार करत नाही. शिवाय तेच चिन्ह एचटीएमएलमध्येही नियमाप्रमाणे बदलून लिहावे लागते, ते वेगळेच.

विंडोजवर गिटसोबत (फाइलींतील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनासोबत) येणारे गिट बॅश असल्याने स्क्रिप्ट चालेल असे कोणी म्हणेल. चालते, पण ओळींच्या शेवटाचा प्रश्न उरतो. विंडोजवर सुधारून साठवलेली स्क्रिप्ट उबुंटूवर नेली की पहिल्याच ओळीला 'बॅड इंटरप्रिटर' अशी तक्रार येते आणि कारण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते ओळीच्या शेवटी असलेले न दिसणारे अक्षर असते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये अशा फाइलींचा ओळशेवट ठरवून देता येतो. तो न दिल्यास हा त्रास प्रत्येक नव्या संगणकावर नव्याने होईल.

म्हणून माझा सल्ला पायथॉन भाषेचा आहे. बाहेरचे एकही पॅकेज न घेता हे काम होते. पायथॉनसोबतच येणाऱ्या आर्गपार्सने कमांडचे शब्द वाचता येतात. श्युटिलच्या कॉपीट्रीने टेम्प्लेटची प्रत होते, आणि त्याच नावाचे फोल्डर आधीच असेल तर ती कमांड आपण होऊन थांबते, म्हणजे एखाद्याचे अर्धे झालेले काम पुसले जाण्याची भीती राहत नाही. खास चिन्हे नियमाप्रमाणे बदलणाऱ्या एचटीएमएल एस्केपने अँपरसँडचा प्रश्न सुटतो. मजकूर भरण्यासाठी स्ट्रिंग मॉड्यूलमधला टेम्प्लेट वर्ग पुरेसा आहे. तो डॉलरचे चिन्ह खूण म्हणून वापरतो आणि जावास्क्रिप्टमध्येही डॉलर व महिरपी कंस येतात, म्हणून भरणीची प्रक्रिया फक्त एचटीएमएल फाइलींवर चालवावी आणि जावास्क्रिप्ट स्वतंत्र फाइलीत ठेवावी.

विंडोजवर एक पथ्य कटाक्षाने पाळावे. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट लिहावे. ते न लिहिल्यास पायथॉन विंडोजची जुनी कोडपेज (मोजक्या अक्षरांचा संच) गृहीत धरतो आणि पहिल्याच देवनागरी अक्षरावर अडखळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडखळता अक्षरांचा कचरा करून ठेवतो. उत्तरे जेसन फाइलीत (माहितीच्या साध्या मजकूर फाइलीत) साठवणार असाल तर एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद करावा. नाहीतर 'कोल्हापूर' ऐवजी उलट्या रेघा आणि आकड्यांची माळ दिसते आणि ती फाइल हाताने सुधारणे अशक्य होते.

टेंबलाईकर

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी मला मूळ दिशाच पटलेली नाही. पाच पाने आहेत म्हणजे वरची पट्टी आणि तळपट्टी पाच वेळा आहे. दोन भाषा असतील तर दहा वेळा. प्रश्नकर्ते स्वतःच म्हणतात की दोन वर्षांनी फोन नंबर बदलायचा असतो. तो नंबर दहा फाइलींत असेल तर उभारणी कितीही स्वच्छ झाली तरी उपयोग काय?

याचे सरळ उत्तर ह्यूगो, म्हणजे सामाईक मांडणी आणि मजकूर जोडून पाने बनवणारे साधन, हे आहे. २०१३ पासून ते चालू आहे, गो भाषेत लिहिलेले आहे आणि एकच एक्झिक्युटेबल फाइल असल्याने नोड किंवा पायथॉन यांपैकी काहीही लागत नाही. विंडोजची फाइल विंडोजवर आणि लिनक्सची लिनक्सवर ठेवली की झाले. बांधणीनंतर साध्या एचटीएमएल फाइली मिळतात, त्या कोणत्याही होस्टिंगवर एफटीपीने चढवता येतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांची सोय त्यात मुळातच आहे, त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागत नाही. आवृत्त्या बदलल्या की जुने टेम्प्लेट कुरकुरते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ती एक एक्झिक्युटेबल फाइल प्रकल्पासोबतच जपून ठेवली तर पाच वर्षांनीही तीच आवृत्ती चालेल.

त्यातल्या नव्या संकेतस्थळाच्या कमांडविषयी मात्र एक अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो. ती फक्त रिकामी फोल्डरे आणि एक कॉन्फिग फाइल देते. थीम किंवा स्वतःची मांडणी घातल्याशिवाय पडद्यावर काहीही उमटत नाही आणि नवखा माणूस आपले काहीतरी चुकले असे समजून तेथेच सोडून देतो. तयार थीम घेऊ नये. पाच पानांसाठी चार-पाच मांडणी फाइली स्वतः लिहाव्यात आणि तो संपूर्ण सांगाडा गिटमध्ये ठेवावा. नवीन काम म्हणजे त्या सांगाड्याची इतिहासाशिवाय घेतलेली प्रत.

ई_वॉर्ड

टेंबलाईकरांचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो माझ्या उत्तरात टाळला होता, कारण त्याला दोन उत्तरे आहेत.

होस्टिंगवर पीएचपी आहेच. वरची पट्टी आणि तळपट्टी दोन फाइलींत ठेवून प्रत्येक पानात इन्क्लूड (दुसरी फाइल तेथे आणून जोडणारी आज्ञा) लिहिले की फोन नंबर एकाच जागी राहतो. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला हे पाच मिनिटांत समजते आणि बदल थेट होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्येही करता येतो. तोटा एवढाच की आपल्या संगणकावर पान पाहण्यासाठी पीएचपी घालावे लागते. ते घातले की त्याचाच अंगभूत सर्व्हर एका कमांडने सुरू होतो, अपाचीसारखा वेगळा सर्व्हर लागत नाही. ह्यूगोच्या मांडणी फाइलींची भाषा मात्र विद्यार्थ्यांना जड जाते, असे मी पाहिले आहे. ती अवघड आहे असे नाही, पण चूक झाल्यावर ती जे सांगते ते गो येणाऱ्यालाच लवकर उमगते.

पायथॉन स्क्रिप्टनेच पट्ट्या जोडाव्यात, मग यादीतून पाने बनवावीत, मग भाषा सांभाळाव्यात, असे करत जाण्याचा मोह मात्र टाळावा. त्या वाटेने गेल्यास वर्षभरात तुम्ही स्वतःचा, कमी प्रतीचा ह्यूगो लिहून बसाल.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेनंतर आमचा कल असा झाला आहे: एकाच भाषेतील संकेतस्थळे पीएचपी इन्क्लूडने करावीत, दोन भाषांचे काम आले तर ह्यूगो वापरून पाहावे, आणि दोन्हींसाठी सांगाडा उभा करणारी पायथॉनची एकच कमांड असावी.

ही कमांड कागदावर मांडताना दोन शंका आल्या. पहिली अशी की उभारणीच्या दिवशी आम्हाला फार थोडी माहिती असते. डोमेन घेतलेले नसते, नकाशाचा दुवा मालकाचा मुलगा नंतर पाठवणार असतो, छायाचित्रे तर शेवटच्या आठवड्यात येतात. मग कमांडने प्रश्न विचारायचे तरी किती? दुसरी शंका टेम्प्लेटमधील सुधारणांची. टेम्प्लेटमध्ये पुढे काही दुरुस्ती केली तर आधी उभ्या केलेल्या संकेतस्थळांत ती कशी पोहोचवायची?

पंचगंगाकाठ

दुसऱ्या शंकेचे उत्तर लहान आहे. पायथॉन जगतात कुकीकटर आणि कॉपियर अशी दोन साधने आहेत. कुकीकटर अधिक परिचित आहे, ते प्रश्न विचारून टेम्प्लेटमधून प्रकल्प काढून देते आणि तेथे त्याचे काम संपते. कॉपियर मात्र दिलेली उत्तरे आणि टेम्प्लेटची आवृत्ती प्रकल्पातच एका फाइलीत लिहून ठेवते. पुढे टेम्प्लेट बदलले की अपडेटच्या कमांडने जुन्या प्रकल्पात फक्त तेवढा फरक उतरवता येतो, आणि हाताने केलेले बदल व नवे बदल एकाच जागी आले तर गिटप्रमाणेच तो संघर्ष दाखवला जातो. यासाठी टेम्प्लेट गिटमध्ये असणे आणि त्याच्या आवृत्त्यांना टॅग (नावाची खूण) देणे आवश्यक आहे. अर्थात तुमच्या आकाराच्या कामात जुन्या संकेतस्थळांत सुधारणा उतरवण्याची खरोखरच किती वेळा गरज पडेल, हे आधी पाहावे. चालू असलेल्या पाच पानांना कोणी उगाच हात लावू नये, या मताचा मी आहे.

मंगळवार_पेठ

पहिल्या शंकेवर लिहितो, कारण माझ्या मते या संपूर्ण चर्चेतला महत्त्वाचा प्रश्न तोच आहे आणि तो कोणत्याही तयार साधनाच्या पानावर सापडत नाही.

उभारणीची कमांड आयुष्यात एकदाच चालते. त्या क्षणी जे माहीत असते तेवढेच तिने विचारावे: व्यवसायाचे नाव, फोल्डरचे रोमन लिपीतील नाव आणि भाषा. बाकीच्या प्रत्येक जागी टेम्प्लेटमध्ये ठरावीक खूण असावी. पंधरा प्रश्न विचारणाऱ्या कमांडला माणूस कंटाळून काहीतरी उत्तर देतो, आणि ते खोटे उत्तर खऱ्यासारखे दिसत असल्यामुळे रिकाम्या जागेपेक्षा जास्त त्रासदायक ठरते. टेम्प्लेटमध्ये नमुन्याचा फोन नंबर घालू नये, तोही याच कारणासाठी. दहा आकडी नमुना नंबर कोणाचा तरी खरा नंबर असू शकतो.

यावरून पुढची गोष्ट निघते. तुम्हाला एक नव्हे, दोन कमांड हव्या आहेत. पहिली उभारणीची, दुसरी तपासणीची, आणि दुसरी अधिक काळजीपूर्वक लिहावी. चढवण्याआधी ती प्रत्येक वेळी चालवायची आणि तिने एकही तक्रार केली तर फाइली चढवायच्या नाहीत. तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे जुने काहीतरी राहून जाणे, उभारणी स्वच्छ केल्याने अर्धाच सुटतो. कारण कोरा सांगाडाही अर्धवट भरलेला राहू शकतो.

तपासणीने काय पाहावे हे सांगतो. न भरलेली खूण कोठे उरली आहे का, हे सर्वांत आधी. खुणा रोमन अक्षरांतच ठेवाव्यात, कारण देवनागरीत 'ऱ' सारखे अक्षर एका संकेतांकानेही लिहिले जाते आणि 'र' व नुक्ता (खालचे टिंब) जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोधाला मात्र वेगळी वाटतात. त्यानंतर प्रत्येक पानाला स्वतःचे शीर्षक आहे का आणि दोन पानांचे शीर्षक एकच तर नाही ना. मग दुव्यांची आणि चित्रांची नावे. विंडोजवर फाइलीच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद केला जात नाही, होस्टिंग बहुधा लिनक्सचे असते आणि तेथे तो केला जातो. मोबाइलमधून आलेल्या चित्राचे शेवटचे 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत आणि पानात लहान अक्षरांत असेल, तर तुमच्या संगणकावर चित्र दिसते आणि मालकाच्या मोबाइलवर दिसत नाही. पायथॉनने फोल्डरमधील नावांची यादी घेऊन ती अक्षरशः जुळते का हे पाहणे सोपे आहे. फाइल अस्तित्वात आहे का एवढेच विचारल्यास विंडोज खुशाल 'आहे' म्हणेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवल्यावर दिसणारे चित्र आणि वर्णन पानाच्या डोक्यातील ओपन ग्राफच्या मेटा टॅगमधून (पानाची माहिती सांगणाऱ्या नोंदींतून) येते. त्या चित्राचा पत्ता डोमेनसह पूर्ण द्यावा लागतो. डोमेन उशिरा येत असल्यामुळे हीच जागा सर्वांत जास्त वेळा अपुरी राहते, म्हणून तपासणीत ती स्वतंत्रपणे पाहावी.

आता सांगाड्यातील मराठीविषयी. वर्णसंच सांगणारा मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत असला पाहिजे, म्हणून तो डोक्यात सर्वांत वर ठेवावा. पानाची भाषा एमआर (mr) अशी नोंदवावी. व्हीटसारख्या साधनांच्या सांगाड्यात ती इंग्रजी असते आणि तशीच राहून जाते. ही केवळ औपचारिकता नाही. काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात आणि भाषा नोंदवलेली असेल तरच ब्राउझर ते वापरतो. वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही उच्चार ठरवायला तीच नोंद लागते. सीएसएस कोठूनही उचलले तरी त्यातील अक्षरांमधील अंतराचा नियम शोधून काढून टाकावा, कारण त्यामुळे शिरोरेखा तुटते आणि शीर्षकातील प्रत्येक अक्षर सुटे दिसते. ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. हे दिसावे म्हणून नमुना मजकूर लॅटिनऐवजी मराठी घालावा आणि त्यात 'दुर्गुण', 'मूर्तीवर', 'कुऱ्हाड' असे वरखाली पसरणारे शब्द मुद्दाम ठेवावेत.

पानांच्या फाइलींची नावे मात्र रोमनमध्येच ठेवावीत, हा आग्रह मी मराठीप्रेमी असूनही धरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि दुवा टक्क्याच्या (%) खुणांत बदलला की प्रत्येक बाइटची ३ अक्षरे होतात. 'कोल्हापूर' या शब्दात स्वरचिन्हे आणि हलन्त धरून ९ चिन्हे आहेत, म्हणजे तो एकटा शब्द दुव्यात ८१ अक्षरे व्यापू शकतो. असा दुवा छापील कार्डावर घालता येत नाही, आणि झिप फाइल उघडताना अशी नावे बिघडण्याची शक्यता राहते ती निराळीच.

टेंबलाईकर

तपासणीच्या कमांडचे म्हणणे मान्य. ह्यूगो वापरला तरी ती तशीच लागेल; फक्त ती मूळ फाइलींवर न चालवता बांधणीतून निघालेल्या 'पब्लिक' फोल्डरवर चालवावी, म्हणजे प्रत्यक्षात जे चढणार आहे तेच तपासले जाईल.

राजारामपुरीकर

मंगळवार पेठ यांचे उत्तर छापून भिंतीवर लावण्याजोगे आहे. एक शेवटची शंका: उभारणीच्या कमांडनेच गिट सुरू करून पहिली नोंद करावी का?

मंगळवार_पेठ

करावी. पहिल्या नोंदीत न भरलेला सांगाडा असला की नंतर कोणी काय बदलले हे एका कमांडने दिसते.

फक्त सांगाड्याची रचना करताना चढवण्याच्या सर्व फाइली एका आतल्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि गिटचे लपलेले फोल्डर, उत्तरांची जेसन फाइल, मालकाने पाठवलेली मूळ छायाचित्रे हे सर्व त्याच्या बाहेर राहील असे पाहावे. एफटीपीने अख्खा प्रकल्प ओढून टाकण्याची सवय अनेकांना असते आणि गिटचे फोल्डर होस्टिंगवर गेले तर सर्व्हरने ते अडवले नसल्यास प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास बाहेरच्या माणसाला उतरवून घेता येतो. फॉर्मसाठी ईमेलचा पासवर्ड कधीकाळी एखाद्या फाइलीत लिहिला असेल आणि नंतर पुसला असेल, तरी तो त्या इतिहासात असतोच. एफटीपी प्रोग्राममध्ये डावीकडचे फोल्डर म्हणून कायम ते आतले फोल्डरच निवडून ठेवावे आणि विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ते दाखवावे.